मोठ्या दुखापतीनंतर शिडाची बोट: नाशिकहून सुरुवात करणाऱ्यांसाठी

मणक्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला कुणी ना कुणी अभिलाष टॉमींची गोष्ट पाठवतंच. गोष्ट खरी आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात त्यांच्या 'थुरिया' बोटीची डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर मार बसला. चालता येत नव्हतं. बोटीतल्या बिछान्यावर पडून त्यांनी मदतीची वाट पाहिली आणि २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. पाठीत टायटॅनियमच्या सळ्या बसल्या. पुढे ४ सप्टेंबर २०२२ ला तीच शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा ते पुन्हा रांगेत होते, आणि २९ एप्रिल २०२३ ला दुसरे आले.

फॉरवर्डमध्ये एवढंच असतं. हा माणूस नौदलाचा वैमानिक होता, २०१२-१३ मध्ये 'म्हादेई'तून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेला होता, आणि दोन शर्यतींच्या मध्ये चार वर्षं गेली, हे त्यात नसतं. त्यांना बोट येत होती, शरीर परत मिळवायचं होतं. आपल्याला दोन्ही शिकायचं असतं. म्हणून आपला क्रम वेगळा.

या लेखाचं म्हणणं एका वाक्यात सांगतो: एकट्याने समुद्रात जाणं ही या प्रवासाची शेवटची पायरी आहे, आणि तिच्या आधीचं बरंचसं काम नाशिकमध्ये, समुद्राचं तोंडही न पाहता होतं. नाशिकला समुद्र नाही म्हणून हिरमुसायचं कारण नाही. पाण्याची ओढाताण असलेल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये वल्हवत होता.

माझ्याबद्दल थोडक्यात: महामार्गावरचा अपघात, कमरेच्या मणक्याचं फ्रॅक्चर, रॉड आणि स्क्रू, डाव्या पावलात अजून अर्धवट संवेदना. मी महासागर एकट्याने ओलांडलेला नाही. मुंबईच्या बंदराबाहेर, दिवसाउजेडी, हवा बघून एकट्याने जातो, लांबचं क्रूबरोबर. तेव्हा आठव्या टप्प्यातल्या काही गोष्टी मी जाणत्या माणसांकडून शिकलेल्या आहेत, बाकी सगळं अंगावरून गेलेलं आहे.

१. डॉक्टरांना 'बोटिंग करू का?' असं विचारू नका

असं विचारलंत की डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर पायडल मारायची हंसाची बोट येते आणि ते 'करा की, मन रमेल' म्हणतात. किंवा त्यांना टायटॅनिक दिसतं आणि ते 'अजिबात नाही' म्हणतात. दोन्ही उत्तरं निरुपयोगी.

शिडाच्या बोटीत शरीर काय काय करतं ते लिहून न्या आणि एकेकावर हो-नाही घ्या. मी नेलेले प्रश्न असे होते:

– बसल्या जागी कंबर वळवून, दोन्ही हातांनी दोरी जोर लावून ओढायची आहे. चालेल का? किती वजनापर्यंत?
– वाकून, गुडघ्यांवर येऊन एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जायचं आहे, तासाभरात अनेक वेळा.
– बोट लाटेवरून खाली आदळली की बुडाला धक्का बसतो. हाड पूर्ण जुळलंय का?
– पाण्यात पडलो तर हातांच्या जोरावर वर चढावं लागेल.
– ओल्या कपड्यांत चार तास बसावं लागेल. जिथे संवेदना नाही तिथल्या कातडीचं काय?
– उलटीच्या गोळ्या माझ्या चालू औषधांबरोबर चालतील का?

मणक्याचं फ्यूजन, म्हणजे मणके एकमेकांना कायमचे जुळवणं, पक्कं व्हायला साधारण सहा महिने ते वर्ष लागतं. ते झालंय की नाही हे एक्स-रे किंवा सीटी बघून ठरतं, तुम्हाला बरं वाटतंय यावरून ठरत नाही. दुखणं थांबणं आणि हाड जुळणं यांचं वेळापत्रक वेगळं असतं.

काही बाबतींत इथेच थांबावं लागतं. डोक्याच्या दुखापतीनंतर फिट येत असतील, तर एकट्याने जाण्याचा विचार न्यूरॉलॉजिस्टने लेखी मोकळीक दिल्याशिवाय करायचा नाही. पाण्यात फिट आली की वाचवायला दुसरं माणूस लागतंच. कवटीचा तुकडा काढून बसवलेला असेल, तर बूमचा फटका हा विषय आधी काढा; शिडाखालची ती आडवी दांडी वळताना डोक्यावरून सपकन जाते आणि डिंगीवर, म्हणजे लहान हलक्या शिडाच्या बोटीवर, तिचा फटका कधीतरी बसतोच. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर साधा मुका मारसुद्धा वेगळा. आणि मज्जारज्जूची दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा वर असेल, तर लघवी तुंबण्यासारख्या साध्या कारणाने रक्तदाब एकदम चढू शकतो, शिवाय अंगाला ऊन-थंडी नीट सांभाळता येत नाही. अशांनी बोटीवर जाण्याआधी पुनर्वसनाच्या डॉक्टरांशी बसून तपशीलवार बोलावं. दार बंद नाही, पण बोट आणि सोबत दोन्ही वेगळी लागतात.

२. कागदांची एक फाइल करा

– डिस्चार्ज समरी आणि ऑपरेशनच्या नोंदी. आत कोणता धातू, किती स्क्रू, कोणत्या मणक्यांत, हे त्यात असावं. नसेल तर रुग्णालयातून मागून घ्या.
– शेवटचे एक्स-रे किंवा सीटी, मोबाइलमध्ये फोटो काढूनही.
– डॉक्टरांचं पत्र. 'फिट आहे' एवढंच नको. काय चालेल, काय नाही, हे लिहिलेलं हवं. सेलिंग शिकवणारे या पत्राला फार मान देतात.
– औषधांची यादी. ब्रँड नाही, औषधाचं मूळ नाव.
– ओळखपत्र, फोटो, रक्तगट, घरच्या दोन माणसांचे नंबर.
– विम्याची पॉलिसी. त्यातलं 'काय मिळणार नाही' हे पान वाचा. साहसी खेळ वगळलेले असतात, आणि सेलिंग त्यात मोडतं की नाही हे कंपनीला लेखी विचारा. फोनवरच्या गोड उत्तराला अर्थ नाही.
– अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर यूडीआयडी कार्ड. ते नसेल तर या कामासाठी अडत नाही, पण पुढे प्रवासात उपयोगी पडतं.

सगळ्याची एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोटीवर न्यायच्या सॅकमध्ये कायमची ठेवा.

३. तरणतलाव: सगळ्यात मोठी परीक्षा इथे होते

फिजिओने पाण्यात चालायला परवानगी दिली की त्र्यंबक रोडवरच्या सावरकर तलावात किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही तलावात सुरुवात करा. पाण्यात शरीराचा भार हलका होतो. छातीइतक्या पाण्यात पायांवर फारच कमी वजन उरतं. जमिनीवर लंगडणारा माणूस पाण्यात बऱ्यापैकी सरळ चालतो. पहिल्यांदा ते कळलं की माणूस खुळ्यासारखा हसतो. खुशाल हसा.

पण पोहायला येणं हे आपलं लक्ष्य नाही. बोटीसाठी तीन गोष्टी जमल्या पाहिजेत.

पहिली, कपडे घालून तरंगणं. तलावाच्या व्यवस्थापकांना आधी सांगून, गर्दी नसलेल्या वेळेत, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट आणि लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरा. जॅकेटचे पट्टे पायांमधून घेतलेले असावेत, नाहीतर जॅकेट वर तरंगतं आणि माणूस खाली राहतो. एक पाय कमजोर असेल तर शरीर एका कुशीवर कलतं. हे तलावात कळलेलं बरं.

दुसरी, स्वतःला सरळ करणं. पालथे पडून, हातांनी, उताणे व्हा. पाय साथ देत नसतील तर हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. जॅकेटांत फरक असतो (तरंगवण्याची ताकद न्यूटनमध्ये मोजतात): ५० न्यूटनचं डिंगीवरचं जॅकेट हालचालीला सोपं, पण ते बेशुद्ध माणसाचं तोंड वर वळवेल याचा भरवसा नाही. १५० न्यूटनचं त्यासाठीच बनवलेलं असतं. एकट्याने जाणाऱ्याला नंतर हेच लागतं.

तिसरी, बाहेर येणं. शिडी न वापरता, काठावर हात टेकून वर या. नाही जमलं? बहुतेकांना नाही जमत, धडधाकट लोकांनाही ओल्या कपड्यांत नाही जमत. मग काठावरच्या दांड्याला दोरीचा फास बांधून पाण्यात सोडा, त्यात चांगला पाय अडकवा आणि रिकिबीत पाय देऊन घोड्यावर चढतात तसं चढा. हाच फास पुढे बोटीच्या मागे कायम लटकलेला राहील. ज्या बोटीवर तुम्ही पाण्यातून स्वतःहून परत चढू शकत नाही, त्या बोटीवर एकट्याने जायचं नाही. यात मी कधीच सूट घेत नाही.

या टप्प्याला किती आठवडे लागतील हे विचारू नका. काहींना तीन, काहींना तीस.

४. घरातला आणि डोंगरावरचा सराव

दोन पाट समोरासमोर ठेवा, मध्ये दोन हातांचं अंतर. मध्यावर छातीच्या उंचीला दोरी बांधा, ती बूम समजा. एका पाटावर बसा, हातात एक काठी धरा, ती टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा. आता दोरीला न शिवता, काठी न सोडता, पलीकडच्या पाटावर जा. तोंड नेहमी पुढच्या दिशेला. टॅक घेताना, म्हणजे बोट वाऱ्यातून पलीकडे वळवताना, शरीर करतं ते हेच. फ्यूजन झालेली कंबर वळत नाही, त्यामुळे वाकायचं ते खुब्यातून. हे अंगात मुरायला वेळ लागतो. घरचे बघत असले तर बघू द्या.

गाठी शिका: बोलाइन, आठाची गाठ, क्लीट हिच. आधी बघून, मग डोळे मिटून, मग एकाच हाताने. हात दुखावलेल्यांसाठी हा फिजिओथेरपीचाही भाग होतो आणि तो रबरी चेंडू दाबण्यापेक्षा खूपच कमी कंटाळवाणा आहे.

तोल आणि दम यासाठी पांडवलेण्याच्या पायऱ्या उत्तम. चढण्यापेक्षा उतरण्याकडे लक्ष द्या. पावसाळ्यात शेवाळं धरतं तेव्हा टाळा.

वाऱ्याचं शिक्षण फुकट आहे. रोज संध्याकाळी गच्चीवर उभं राहून वारा कुठून येतोय ते गालावर ओळखायचं, मग झेंडा किंवा धूर बघून ताडायचं, मग हवामानाच्या अॅपवर तपासायचं. वाऱ्याचा वेग नॉटमध्ये वाचायची सवय करा. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. शिकाऊ माणसाला ५ ते १२ नॉट ठीक.

५. गंगापूर धरण, पण स्पीडबोट नको

गोदावरीवरचं गंगापूर धरण जवळ आहे, तिथे एमटीडीसीचा बोट क्लब आहे, आणि घरचे म्हणतील, 'आधी तिथे एक चक्कर मारून बघ.' चक्कर जरूर मारा, पण संथ बोटीत. स्पीडबोट लाटेवर आपटते तेव्हा खालून सरळ वर, थेट मणक्यात धक्का जातो. अशा धक्क्यांनी निरोगी माणसांच्याही कमरेच्या मणक्यांना फ्रॅक्चर झालेली आहेत. बसायचंच झालं तर मागच्या बाजूला. सगळ्यात जास्त आपटतं ते बोटीचं नाक. माझं मत: बसूच नका.

धरणावर जायचं ते हलणाऱ्या जमिनीची सवय करायला. धक्क्यावरून बोटीत पाय कसा टाकायचा, बसताना कुठे धरायचं, कोणत्या पायावर भरवसा नाही, हे सगळं शांत पाण्यात कळतं. चढताना एक नियम: बोटीच्या काठावर पाय द्यायचा नाही, मध्यावर द्यायचा. आणि एका हाताने नेहमी काहीतरी धरलेलं हवं.

जॅकेटशिवाय बसवणारा बोटवाला असेल तर उतरून घरी या. आपलं जॅकेट आपण नेलेलं सगळ्यात चांगलं. पावसाळ्यात धरणातून विसर्ग चालू असताना तिकडे फिरकायचं नाही, हे नाशिककराला वेगळं सांगायला नको.

६. मुंबई: बोटीपेक्षा धक्का अवघड

शिडाची बोट नीट शिकायची तर मुंबई किंवा गोवा गाठावं लागतं. मुंबईत गेटवे आणि कुलाब्याच्या परिसरात जुने क्लब आहेत (रॉयल बॉम्बे यॉट क्लब तर १८४६ चा) आणि शिकवणाऱ्या खासगी संस्थाही आहेत. यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया ही राष्ट्रीय संघटना. तिच्याशी संलग्न क्लब शोधा. फोन करताना दुखापत पहिल्याच वाक्यात सांगा. कुणी कचरलं तर राग मानू नका. कुणी काही न विचारता 'या, काही होत नाही' म्हटलं तर मात्र सावध व्हा.

नाशिकरोडहून सकाळची पंचवटी पकडून त्याच दिवशी बोटीवर जाऊ नका. तीन-साडेतीन तास बसून आखडलेली कंबर घेऊन बोटीत चढणं म्हणजे दिवसाची सुरुवातच उणे खात्यातून. आदल्या संध्याकाळी जा, रात्री आडवे व्हा, सकाळी अर्धा तास ताणाचे व्यायाम करा. कसारा घाटातून गाडी चालवत जाणं तर अजिबात नको.

आता धक्का. बोटी काठाला लागलेल्या नसतात, आत पाण्यात नांगरलेल्या असतात. दगडी पायऱ्यांवरून छोट्या होडीत आणि त्या होडीतून मोठ्या बोटीत चढायचं असतं. ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांच्यावर शेवाळं असतं, आणि होडी वर-खाली होत असते. पाय कमजोर असलेल्या माणसासाठी संपूर्ण दिवसातला सगळ्यात धोक्याचा क्षण हाच. यावर उपाय भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये आहे.

कोकणातले लोक तिथीवरून भरती काढतात: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, सकाळी-दुपारी आणि रात्री-पहाटे दोन्ही वेळा. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं. मुंबईत पाण्याच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो आणि प्रवाहही जोरात. अष्टमीच्या आसपास भांगेची भरती असते, पाणी कमी चढतं, कमी उतरतं. म्हणून पहिले दिवस अष्टमी-नवमीच्या आसपासचे घ्या आणि होडीत चढा-उतरायची वेळ भरतीजवळची मागा. नेमकी वेळ मात्र भरतीच्या छापील तक्त्यावरून पक्की करायची; पाऊणपटीचा हिशोब तारीख निवडण्यापुरता.

हंगाम ऑक्टोबर ते मे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला सकाळी जमिनीकडून हलका वारा असतो, तो मध्येच पडतो आणि दुपारनंतर वायव्येकडून समुद्राचा वारा भरतो. शिकाऊ माणसाने सकाळी शिकावं, दुपारी चारला कंबर थकलेली असताना वारा वाढलेला असतो.

कोणती बोट? डिंगी हलकी असते, उलटते आणि सरळही करता येते. त्यासाठी तिच्या खालच्या फळीवर उभं राहून मागे रेलावं लागतं. मणक्यात धातू असलेल्याने मी म्हणेन सुरुवात कीलबोटीवर करावी. तळाशी वजन असल्याने ती कलते पण सहसा उलटत नाही. पाय पूर्ण काम करत नसतील तर हान्सा ३०३ सारख्या बोटी आहेत: खाली बसायची आसनं, तोंड पुढे, समोर दांड्याने सुकाणू, वजनदार फळी, इकडून तिकडे सरकायची गरज नाही. शरीराची मर्यादा कुठपर्यंत ताणता येते हे पाहायचं असेल तर हिलरी लिस्टर आठवा. मानेखाली हालचाल नसताना तोंडातल्या नळ्यांत श्वास फुंकून आणि ओढून ती शिडं आणि सुकाणू चालवायची. २००९ मध्ये तिने अशी ब्रिटनची फेरी केली आणि २०१४ मध्ये ओमानच्या नश्वा अल किंदीबरोबर मुंबईहून मस्कत गाठलं.

सोबत न्यायचं सामान: घसरणार नाहीत असे पांढऱ्या तळव्याचे बूट (चपला नकोत, संवेदना नसलेल्या पावलाला तर नकोच), सेलिंगचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचे सुकणारे कपडे, दोरीने शर्टाला अडकवलेली टोपी, शिट्टी, दोरी कापायचा चाकू गळ्यात, पाणी, फोमची पातळ गादी, आणि जादा कोरडे कपडे. ओलं, मीठ लागलेलं बूड आणि बधिर कातडी एकत्र आली की जखम होते आणि ती कळतही नाही. दर अर्ध्या तासाने बसायची जागा बदला, संध्याकाळी आरसा घेऊन कातडी बघा. याला कंटाळलेले लोक महिनाभर पालथे झोपलेले मी पाहिलेत.

७. आधी क्रू व्हा, आणि बराच काळ क्रूच राहा

आरवायएचा (ब्रिटनची रॉयल यॉटिंग असोसिएशन) 'कॉम्पिटंट क्रू' हा पाच दिवसांचा अभ्यासक्रम, त्यानंतर 'डे स्किपर'. त्याची लेखी बाजू, म्हणजे नकाशे, भरतीचे हिशोब, दिव्यांच्या खुणा, हे सगळं नाशिकमध्ये घरी बसून करता येतं. अंथरुणावर असाल तर आजपासून करता येतं. समुद्रावरच्या वाहतुकीचे नियम पाठ करा. रस्त्यावरच्यासारखे ते 'समोरचा बघून घेईल' या तत्त्वावर चालत नाहीत.

मग मुंबई-गोवा अशी लांबची फेरी अनुभवी माणसांबरोबर. अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास, म्हणजे शिडावर दोन दिवस तरी. इथे तुम्हाला रात्र कळते. थकल्यावर आपलं शरीर कुठे दगा देतं ते कळतं. माझं पाऊल रात्री दोननंतर काय चाललंय ते सांगायचं बंद करतं. हे कुठल्याही दवाखान्यात कळलं नसतं.

बोट लागण्याच्या, म्हणजे उलटीच्या गोळ्यांबद्दल सावधान. सिनारिझिन किंवा मेक्लिझिनसारख्या गोळ्या गुंगी आणतात. नसांच्या दुखण्यासाठी प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन चालू असेल तर दोन्हींची गुंगी एकत्र येते. डॉक्टरांना विचारून, पहिला डोस घरी, सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा. आणि उलट्या होत राहिल्या तर रोजच्या गोळ्याही पोटात टिकत नाहीत, फिटच्या गोळ्या घेणाऱ्यासाठी ही गंभीर गोष्ट आहे.

८. एकट्याने

स्किपर म्हणून दुसऱ्यांना घेऊन अनेकदा जाऊन आल्यावर, आणि तुमच्या शिक्षकाने 'आता जा' म्हटल्यावर. पहिल्या वेळी दुसरी बोट नजरेच्या टप्प्यात असू द्या.

एकट्याच्या बोटीवर सगळ्या दोऱ्या सुकाणूपाशी आणलेल्या हव्यात, डोलकाठीपाशी जायची वेळच येऊ नये. सुकाणू धरायला ऑटोपायलट किंवा वाऱ्यावर चालणारं विंडव्हेन. शीड लहान करायचं ते 'करावं का?' असा पहिला विचार आला तेव्हाच. पुढे जायचंच असेल तर हार्नेस, म्हणजे अंगावर बांधायचा पट्टा, आणि बोटीला अडकवायची त्याची दोरी इतकी आखूड की बाहेर पडताच येऊ नये. एकटा माणूस पडला की बोट थांबत नाही, ती निघून जाते. मी पुढे जाताना रांगत जातो; पायांवर भरवसा असलेल्यांनीही जावं.

झोपेचा हिशोब समजून घ्या. लहान बोटीवरून मोठं जहाज समजा आठ सागरी मैलांवर दिसलं. ते २० नॉटने येतंय, तुम्ही ५ नॉटने त्याच्या दिशेने. दोघांतलं अंतर ताशी २५ मैलांनी कमी होतं, म्हणजे हातात एकोणीस मिनिटं. म्हणून एकटे दर्यावर्दी पंधरा-वीस मिनिटांच्या डुलक्या घेतात, गजर लावून, एआयएस (आजूबाजूची जहाजं दाखवणारं यंत्र) चालू ठेवून. नियम तर सतत टेहळणी करायला सांगतात, त्यामुळे ही तडजोड आहे हे विसरू नका. आणि कोकण किनाऱ्याला ती लागूच पडत नाही: मासेमारीच्या होड्या, जाळी, अंधारातल्या खुंट्या यांच्यामध्ये एकट्याने डोळा मिटायचा नाही. किनाऱ्याजवळ एकट्याने जायचं तर दिवसाउजेडी परत यायचं. मणक्याच्या रुग्णाला तुटक झोप जास्त भोवते, दुखणं दुप्पट होतं, हे आणखी एक.

एक मोठा खड्डा: परदेशी व्हिडिओंमध्ये सगळ्यांकडे सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर दिसतो. भारतात ते दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. माहीत नसलेल्या परदेशी पर्यटकांना विमानतळावर अटक झालेली आहे. ऑनलाइन मागवू नका. व्हीएचएफ रेडिओलाही परवाना लागतो, तो रीतसर घ्या आणि चॅनेल १६ वर संकटाचा संदेश कसा द्यायचा ते तोंडपाठ करा. ४०६ मेगाहर्ट्झचा संकटसूचक बीकन घेतलात तर त्याची नोंदणी बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात करायची असते. नोंदणीत घरचा जो नंबर द्याल, तोच शोधपथक आधी फिरवतं.

९. घरी ठेवायचा कागद

दर वेळी निघण्याआधी एका पानावर लिहून घरी द्या: बोटीचं नाव, रंग, शिडावरचा नंबर, कुठून निघणार, कुठे जाणार, किती वाजता परत, अंगात कोणता धातू, कोणती औषधं. त्याखाली ठळक अक्षरात: अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर आधी क्लबला, तिथून काही कळलं नाही तर तटरक्षक दलाच्या १५५४ या नंबरवर. परतीची वेळ खरी लिहा, दोन तास वाढवून सांगितलेली नको.

हा कागद देताना घरात वाद होणार. अपघाताची ती रात्र तुम्हाला आठवत नसेल, पण दवाखान्याच्या बाकावर बसून काढणाऱ्यांना ती आठवते. त्यांना एकदा गेटवेला आणा, बोट दाखवा, १५५४ कधी लावायचा हे त्यांच्याकडून म्हणवून घ्या. माझा हा कागद आईकडे असतो, कारण घड्याळाच्या बाबतीत घरात तिच्याइतकं कडक कुणी नाही. ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधीच तिचा फोन येतो.